शून्य वर्षांचे आजोबा

"माझ्या यंत्राकडून एकाही माणसाचा अपमान होणार नाही, साहेब! झालाच, तर मी आपण होऊन तिकीटखिडकीत जाऊन बसेन!"

त्राम हे इतक्या ठसक्यात म्हणाली की कलासंग्रहालयाचे संचालक लुओंगसाहेब यांच्या हातातली आमच्या गावच्या पद्धतीची मीठ घातलेली कॉफी हिंदकळली. बोलताना तिच्या उजव्या खांद्यावर केळ्याचा सुकलेला डाग होता. सकाळी लेकीने निरोपाची मिठी मारताना तो बहाल केला होता. पण त्रामचा आवेश असा, की साहेबांना तो डाग म्हणजे पदकच वाटलं!

आता तिकीटखिडकीची शपथ काही साधी नव्हती. आमचं ह्वे शहर दुपारी झोपतं. म्हणजे अगदी मनापासून, दार लावून, पंखा लावून, चटई अंथरून झोपतं. नदीसुद्धा त्या वेळी जरा हळू वाहते, असा आमचा समज आहे. जेवणानंतर दोन तास कलासंग्रहालयही कुलूपबंद. जागी राहायची ती एकटी तिकीटखिडकी, कारण सहलवाल्यांना झोप म्हणून नसते! आणि दुपारचे हे दोन तास म्हणजे त्रामचा जीव की प्राण. ती स्कूटरला टांग मारून घरी पळायची, आईच्या ताब्यातून लेकीला घ्यायची आणि दोघी मच्छरदाणीत शिरून एकमेकींच्या अंगावर पाय टाकून पडायच्या. सकाळी लेक अर्धवट झोपेत असायची, संध्याकाळी आई अर्धवट झोपेत. दोघींची नीट गाठ पडायची ती दुपारीच.

लेकीचं नाव मीत. मीत म्हणजे फणस. खरं नाव छान लांबलचक आहे, पण आमच्याकडे तान्ह्या मुलाला गोड नावाने हाक मारली की दृष्ट लागते. म्हणून कुणी फणस, कुणी कोळंबी, तर कुणी चक्क भोपळा! ही फणस नुकतीच चार वर्षांची झाली होती आणि नावाप्रमाणेच बाहेरून काटेरी, आतून गोड आणि एकदा चिकटली की तेल लावल्याशिवाय न सुटणारी होती.

तर यंत्राची गोष्ट. शेजारच्या शहरातल्या एका संग्रहालयाने भिंतीवर प्रकाशाचे मासे पोहायला लावले होते, तेव्हापासून लुओंगसाहेबांना जेवण गोड लागत नव्हतं.

"आपल्याकडे माणसं येतात, चित्राकडे पाठ करतात, स्वतःचा फोटो काढतात आणि जातात!" ते म्हणायचे. "त्राम, तू प्रेक्षकांची व्यवस्था बघतेस ना? मग काहीतरी कर! चित्रांनी माणसांशी बोललं पाहिजे!"

त्रामने आपल्या मावसभावाला पकडलं. खोआ कॉलेजात संगणक शिकत होता आणि घरात कुणाचा फोन बिघडला की त्यालाच बोलावत. त्याने एक बोलकी डबी तयार केली. प्रेक्षकाने ती गळ्यात अडकवायची. चित्रासमोर उभं राहिलं, की डबी आपसूक त्या चित्राची गोष्ट सांगणार. आवाज त्रामचा.

इथपर्यंत सोपं होतं. अडलं ते पहिल्याच वाक्याला. कारण आमच्याकडे कुणालाही नुसतं 'तुम्ही' म्हणून सुटका होत नाही. समोरची बाई ताई की मावशी की आजी, हे आधी ठरवायचं, मगच तोंड उघडायचं! मावशीला आजी म्हटलंत तर पुढच्या सात पिढ्या तुमच्याकडे जेवायला येणार नाहीत, आणि आजीला ताई म्हटलंत तर तुम्ही काहीतरी उसनं मागायला आलात असं ती समजणार.

तेव्हा त्रामला ती थोर कल्पना सुचली. दारात एक कॅमेरा बसवायचा. तो येणाऱ्याचा चेहरा बघून वयाचा अंदाज घेणार, आणि त्याप्रमाणे डबी बोलणार! त्रामने पाच गट पाडले. पहिला बाळांचा, दुसरा धाकट्या भावंडांचा, तिसरा ताई-दादांचा, चौथा मावशी-काकांचा आणि पाचवा आजी-आजोबांचा. प्रत्येक चित्राची गोष्ट पाचही तऱ्हांनी सांगायची. आजी-आजोबांना अदबीने, ताई-दादांना खेळीमेळीने, बाळांना लाडीगोडीने. एकाचाही अपमान नाही! शपथ निघाली ती याच भरात.

"शपथ बिपथ ठीक आहे," लुओंगसाहेब म्हणाले, "पण दोआन आजोबांचं काय?"

दोआन आजोबा म्हणजे लाखेची चित्रं काढणारे आमचे बुजुर्ग चित्रकार. ऐंशी ओलांडलेले, काठीसारखे ताठ आणि काठीइतकेच बोलके. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात त्यांचीच चित्रं होती आणि शेवटच्या भिंतीवर त्यांचं सगळ्यात नावाजलेलं 'दुपार': हिरव्या काळोख्या बागेत दोन सुपारीच्या झाडांना बांधलेली एक रिकामी झोळी. ते चित्र आजोबांनी नुसतं टांगायला दिलेलं होतं. यंत्राची बातमी कळताच त्यांनी निरोप धाडला होता: "चित्राने गप्प बसायचं असतं. माझ्या चित्राला तोंड फुटलं, तर मी ते घरी घेऊन जाईन. उद्घाटनाला येतो आणि ऐकून ठरवतो."

"ते चित्र गेलं की दालन गेलं," साहेब म्हणाले. "आणि दालन गेलं की त्राम, तू खिडकीत!"

"आजोबांशी तर मी अशी आदराने बोलेन साहेब, की ते आणखी दोन चित्रं देऊन जातील!"

त्रामने सगळं बोलणं घरीच ध्वनिमुद्रित केलं, तेही दुपारीच, मच्छरदाणीत, कारण तेवढी एकच वेळ शांत. मोठ्यांचे चार गट तिने मीत झोपल्यावर उरकले. बाळांचा गट मात्र मीतला मांडीवर घेऊन केला. एकेका चित्राचा फोटो लेकीला दाखवायचा आणि तिच्याशी बोलायचं, म्हणजे बोलणं कसं खरंखुरं येतं! पहिली चार-पाच चित्रं तिने परत ऐकून पाहिली. झकास आली होती. शेवटच्या चित्राच्या वेळी दोघींचे डोळे जड झाले होते, तेव्हा ते ऐकायचं राहून गेलं. खोआनेही तपासलं नाही. शेवटचं ध्वनिमुद्रण सगळ्यात लांब दिसलं, तेव्हा त्याला वाटलं, ताईने या चित्राचा दांडगा अभ्यास केलाय!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. आधी खोआ दारातून आला. "या दादा!" डबी म्हणाली.

"ताई! मला दादा म्हणालं! मी भारदस्त दिसतो की नाही?" खोआ फुशारून गेला. ओठावर उगवू पाहणाऱ्या चार केसांचा हा प्रताप आहे अशी त्याची खात्री पटली.

मग त्राम आली. कॅमेऱ्याने तिला निरखलं. तिच्याच आवाजात डबी म्हणाली, "या मावशी, बसा. दमलात?"

त्राम जागीच थिजली. मावशी? तिशी कुठे आत्ता लागली होती! पण मीतचा खोकला, रात्रीची जागरणं, चार दिवस न धुतलेले केस… तिने भिंतीच्या काचेत स्वतःला पाहिलं. बाईमाणूस यंत्रावर संशय घेण्याआधी आरशातल्या स्वतःवर घेतं. "यंत्र बरोबर आहे," ती बारीक आवाजात म्हणाली. "मीच जरा उतरलेय."

चाचणी यशस्वी झाली!

उद्घाटनाच्या सकाळी खोआने डब्यांचा आवाज टिपेला नेऊन ठेवला. "सगळ्यांना ऐकू जायला हवं ना ताई! आज कानाशी कुजबुज कशाला?"

प्रमुख पाहुण्या तुयेतबाई आल्या. तिळाच्या वड्यांचा त्यांचा कारखाना आहे, आणि पन्नाशी उलटून बराच काळ लोटला तरी अख्खं ह्वे त्यांना ताई म्हणतं, कारण दुसरं काही म्हणण्याची कुणाची छाती नाही. जांभळं रेशीम, उंच टाचा, केसांत फूल. मागून नोकराच्या हातात पाहुण्यांना वाटायच्या वड्यांची चळत. बाईंनी फीत कापली, डबी गळ्यात घातली आणि कॅमेऱ्याकडे बघून मंद हसल्या.

"या या, आजी!" डबी गरजली. "उंबरठा आहे हं, जपून! गुडघे कुरकुरत असतील तर डावीकडे बाक आहे!"

तुयेतबाईंनी मागे वळून पाहिलं. कोण आजी? मागे कुणीच नव्हतं. वड्यांची चळत होती.

"आजी, ऐकू येतंय ना? की आणखी मोठ्याने सांगू?"

दालनात अशी शांतता पसरली की वडीतला तीळ पडला असता तरी ऐकू आला असता. लुओंगसाहेब घाईने पुढे झाले. "काहीतरी गडबड आहे ताई, मी दाखवतो…" आणि त्या घाईत तेही कॅमेऱ्यासमोरून गेले. कालच साहेबांनी केस रंगवले होते, बुटाला पॉलिश करावं तसे काळेकुळकुळीत!

"नमस्कार, आजोबा!" त्यांच्या गळ्यातली डबी म्हणाली. "चष्मा आणलाय ना? नाहीतर मी वर्णन करून सांगते, तुम्ही डोळे मिटून ऐका!"

"मी? आजोबा?" साहेबांचा आवाज चिरकला. "अहो, माझी मुलगी अजून शाळेत आहे!"

तुयेतबाईंना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. पण तेवढ्यापुरतंच. "लुओंग, मला म्हातारी करायला बोलावलंत होय? वड्या परत गाडीत ठेवा रे!"

 त्रामने खोआला खांबाआड ओढलं. "अरे मेल्या, काय केलंस हे?"

"मी कुठे काय केलं? तू दिलेलेच गट आहेत, ताई. एक, दोन, तीन, चार, पाच… थांब." खोआचा चेहरा पांढरा पडला. "तू बाळांना 'एक' आकडा दिलास?"

"मग काय देणार?"

"शून्य! संगणक शून्यापासून मोजतो! त्याच्या हिशेबी पहिला म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक!"

"शून्य वर्षांचं मूल कुठे असतं रे? जन्मलं की एक वर्षाचं झालंच ना! नऊ महिने पोटात होतं ते काय हवेत? माझी कंबर विचार!"

"ते आपल्या आईला सांग, संगणकाला नको! ताई, सगळे एकेक पायरी वर सरकलेत. धाकटे झाले दादा, तू झालीस मावशी, मावशी-काका झाले आजी-आजोबा!"

"म्हणजे मी उतरले नव्हते!" त्रामचा चेहरा क्षणभर उजळला. लगेच तिला पुढचं सुचलं. "आणि आजोबा? खरेखुरे आजोबा, त्यांचं काय झालं?"

"त्यांना वर जागाच नाही. वरून पडले की ते… फिरून पहिल्या गटात येतात."

"पहिला गट म्हणजे?"

"बाळं."

बरोबर त्याच वेळी बाहेर तीनचाकी मालगाडी थांबल्याचा आवाज आला. मालगाडीत दोन गोधड्या आणि दोरखंड. दोआन आजोबा चित्र न्यायच्या तयारीनेच आले होते! त्राम धावली, पण दारातल्या उत्साही मुलीने डबी आजोबांच्या गळ्यात घालूनही टाकली होती. आजोबांनी कॅमेऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते वाईट रंग विकणाऱ्याकडे बघत असत.

"अग्गोबाई! कोण आलं? बाळ आलं!" डबी म्हणाली. "आधी नाक पुसूया. पूस बघू. शाब्बास!"

लुओंगसाहेबांनी डोळे मिटून घेतले. तुयेतबाईंनी मात्र उघडले. आपल्यापेक्षा कुणाचं तरी वाईट चाललंय म्हटल्यावर त्या वड्यांसह परत आल्या होत्या.

दोआन आजोबांनी काठी काखेत धरली. मग त्यांनी हळूच रुमाल काढला आणि नाक पुसलं. सर्दी होती त्यांना, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आता हात मागे. हात लावायचा नाही हं! फक्त डोळ्यांनी बघायचं!"

आजोबांनी हात मागे बांधले आणि ते पहिल्या चित्रासमोर गेले. त्यांचं स्वतःचंच चित्र, नदीतली बदकं.

"हे कोण? बदक! बदक कसं ओरडतं?"

इथे त्रामने मीतचं उत्तर खोडून ऐकणाऱ्या बाळासाठी मुद्दाम थोडी जागा सोडली होती. त्या जागेत अख्ख्या दालनाचा श्वास अडकला.

"पॅक पॅक," दोआन आजोबा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं! मोठ्याने!"

"पॅक पॅक!!" आजोबांनी असा काही आवाज काढला की बाहेरचा मालगाडीवाला आत डोकावला.

"छान! आणि हे पांढरं पांढरं काय आहे, सांग? अंड्याचं टरफल! आपण सकाळी अंडं खाल्लं आणि टरफल टाकून दिलं ना? या आजोबांनी टाकलं नाही. बारीक बारीक तुकडे केले आणि चिकटवले. कोंबडीने दिलं…"

"बदकाचं!" आजोबा डबीवर खेकसले. "बदकाचं गं! कोंबडीच्या टरफलाला तो पांढरेपणा येत नाही!"

"आजोबा," त्राम हात जोडून पुढे झाली, "चूक झाली. ती डबी मला द्या, मी दुसरी…"

तिने हात पुढे केला. आजोबांनी त्यावर चापट मारली. "हात लावायचा नाही हं! फक्त डोळ्यांनी बघायचं!"

आणि ते पुढच्या चित्राकडे गेले. लोक त्यांच्यामागे. आजोबांनी माशाचे रंग ओळखले, होड्या मोजल्या, एके ठिकाणी लपलेली मांजर शोधून दाखवली. ती त्यांनी स्वतःच लपवली होती तरी! साहेबांनी त्रामच्या कानात म्हटलं, "सोंग करतायत. शेवटच्या चित्रापाशी फुटतील बघ. खिडकीची किल्ली तयार ठेव!" त्रामला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे मच्छरदाणी होती, आणि तिच्यात एकटीच पडलेली मीत.

आजोबा 'दुपार'समोर आले. झोळीच्या चित्रासमोर. या रिकाम्या झोळीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिलेलं आहे. कुणी म्हणतं ती मृत्यू आहे, कुणी म्हणतं विरह, तर राजधानीतल्या एका प्राध्यापकांच्या मते ती अस्तित्वाची पोकळी आहे.

"आणि ही काय आहे?" डबीतली त्राम म्हणाली. आवाज पेंगुळला होता.

"झोळी!" डबीतून मीत ओरडली. सगळे दचकले. "आई, याच्यातलं बाळ कुठे गेलं?"

"कुठे गेलं असेल गं?"

"शू करायला गेलं. येईल आता. आई, ते येईपर्यंत मी झोपू त्याच्यात?"

"झोप हं. मी झोका देते." आणि डबीतली त्राम गायला लागली.

"नीज गं फणसा, नीज गं गऱ्या,
नदीत निजल्या होड्या साऱ्या…"

खरी त्राम भिंतीला टेकली. हे ध्वनिमुद्रित झालंय, याची तिला शुद्धच नव्हती! दोआन आजोबा समोरच्या बाकावर बसले. अंगाई हळूहळू मंदावत गेली. होड्या निजल्या, बदकं निजली, सुपारीची झाडं निजली. आजोबांची हनुवटी छातीवर टेकली. डबी "नीज गं…" म्हणाली आणि मधेच गप्प झाली. आजोबाही गप्प.

लोक वाकून वाकून बघायला लागले.

"संपलं?" लुओंगसाहेब कुजबुजले.

"अंगाई ना? हो," खोआ म्हणाला.

"अंगाई नाही रे गाढवा! आजोबा!"

"अगंबाई!" तुयेतबाईंनी छाती धरली. "चित्रासमोर गेले! आपल्याच चित्रासमोर!"

"गाडी बोलवा! डॉक्टर बोलवा!" साहेबांनी भलत्याच माणसाची नाडी धरली होती, मालगाडीवाल्याची. तेवढ्यात घोरण्याचा मोठा, भरघोस, खर्जातला आवाज आला. घुर्रर्र!

"जिवंत आहेत!" साहेबांना रडूच फुटलं. तुयेतबाईंनी आनंदाच्या भरात शेजारच्याला वडी भरवली. त्राम वाकून आजोबांच्या तोंडापाशी कान नेऊन बघायला लागली आणि मग तिने कान खाली डबीला लावला.

"साहेब… घोरणं यांचं नाहीये. डबीतून येतंय."

"डबीतून? मग कुणाचं आहे?"

त्राम लाल झाली. "माझं. मला त्या दुपारी गाता गाता झोप लागली होती."

"म्हणजे आजोबा…!"

पुन्हा आरडाओरड! तुयेतबाईंनी शेजारच्याची वडी परत मागितली. साहेब खाली बसले. डबी घोरतच होती, घुर्रर्र, घुर्रर्र, आणि मग त्या घोरण्यावरून मीतचा खणखणीत आवाज आला:

"आई! झोपलीस? आई! मला शू लागली!"

दोआन आजोबांनी डोळे उघडले.

"मलाही," ते म्हणाले.

काठी टेकत ते उठले आणि चालू लागले. कुणाची टाप होती त्यांना अडवायची! ते परत येईपर्यंत सगळे आपापल्या जागी मेणाच्या बाहुल्यांसारखे उभे. आजोबा आले, ओले हात झटकले आणि बाकावर बसले.

"ती मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी लेक, आजोबा. मीत. मी तिला दुपारी घरी झोपवायला जाते, तेव्हा…"

"जाते नाही, जायची!" लुओंगसाहेब पुढे सरसावले. "आजोबा, आम्ही शरमिंदे आहोत. हिने शपथच घेतली होती, आता ही तिकीटखिडकीत…"

"तू गप्प रे, लुओंग." आजोबांनी काठीने झोळी दाखवली. "जन्म गेला माझा, जो तो विचारतो झोळी रिकामी का. एकाने तर मृत्यू बघितला तिच्यात. मी म्हटलं, बघू दे, शिकलेला माणूस आहे. अरे, ती माझी झोळी! आई दुपारी झोका द्यायची मला. आणि मी रोज मधेच उठून पळायचो. शूला!"

कुणीतरी फिसकन हसलं. तुयेतबाईच होत्या.

"आजवर एकाही माणसाला सुचलं नाही," आजोबा म्हणाले. "त्या पोरीला सुचलं. गोधड्या परत ने रे! चित्र इथेच राहील."

मालगाडीवाल्याने खांदे उडवले. साहेबांचा चेहरा असा फुलला की रंगवलेले केसही खरे वाटायला लागले.

"पण अट आहे," आजोबा म्हणाले. "या लोकांच्या डब्या दुरुस्त करा, ही वड्यांवाली बाई मघापासून रडकुंडीला आलीय. माझी करू नका. मला बाळच राहू द्या. आणि हे दालन दुपारी उघडं ठेवा. बायको गेल्यापासून घरी दुपारचा डोळा लागत नाही माझा. सून बिचारी चवड्यांवर चालते. त्या शांततेनेच जाग येते! आज किती दिवसांनी झोपलो."

"ठेवू की, आजोबा! उघडंच ठेवू!" साहेब म्हणाले. "त्राम थांबेल दुपारी. हिचंच यंत्र आहे!"

त्राम "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? चित्र वाचलं होतं, खिडकी टळली होती, सगळे हसत होते. तिनेही हसायचा प्रयत्न केला. पण दुपार गेली होती ना! उद्यापासून मीत आजीला विचारणार, आई कुठाय, आणि आजी सांगणार, ती दुसऱ्यांना झोपवायला गेलीय. तिचे डोळे भरून आले, तेव्हा ती वाकून उगाचच फरशीवरचे तीळ वेचायला लागली.

"आणि ती फणस?" आजोबांनी वरून विचारलं. "तिला घरी ठेवणार होय? मी नुसत्या डबीवर नाही झोपणार. खरी झोळी बांधा इथे, चित्राखाली. बाळ कधीचं शू करून आलंय म्हणावं."

खोआने त्याच संध्याकाळी यंत्राला शून्य शिकवलं. तुयेतबाईंसाठी एक खास सोयही केली: त्या आल्या की कॅमेऱ्याने अंदाज बिंदाज काही घ्यायचा नाही, डोळे मिटायचे आणि 'ताई' म्हणायचं. खूश होऊन बाईंनी इतक्या वड्या पाठवल्या की पहारेकऱ्याची दाढ दुखायला लागली. आणि मोठ्या दालनात, 'दुपार'च्या खाली, दोन खांबांना एक खरी झोळी बांधली गेली.

आता जेवणं झाली की दालनात आजी-आजोबा जमायला लागतात. बातमी फुटली होती! कुणी चटई आणतं, कुणी उशी. सगळ्यांना बाळांचीच डबी हवी असते. नाकं पुसली जातात, बदकं ओरडतात, मांजर सापडते, आणि झोळीच्या चित्रापाशी पोचेपर्यंत जो तो जांभया देत असतो. दोआन आजोबा बाकावर आडवे होतात. झोळीत मीत, तिचा एक पाय बाहेर. शेजारी चटईवर त्राम, झोक्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. ती दुसऱ्या ओळीलाच झोपते, दोरी मात्र हलत राहते. अशी गाढ झोप तिला मीत झाल्यापासून लागली नव्हती.

परवा दुपारी खिडकीत खोआ बसला होता. दोन परदेशी पाहुण्या उघडं दार बघून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चवड्यांवर चालत, डोळे पुसत बाहेर आल्या.

त्राम उठली तेव्हा खोआ तिची वाटच बघत होता.

"ताई, त्या दोघी म्हणाल्या, आशियात एवढी सुंदर कलाकृती पाहिली नाही! चटया, झोळी, झोपलेली म्हातारी माणसं. त्यांना वाटलं पुतळे आहेत! यंत्राने श्वास चालवलाय म्हणाल्या. कलाकाराचं नाव विचारत होत्या!"

"अगोबाई! मग तू काय सांगितलंस?"

"तुझंच सांगितलं."

त्रामने केस सारखे केले. तिला फारच बरं वाटलं. "आणखी काय म्हणाल्या रे?"

"बाकी सगळं अगदी जिवंत वाटलं म्हणाल्या," खोआ म्हणाला. "फक्त अंगठ्याला दोरी बांधलेल्या बाईचं घोरणं तेवढं कृत्रिम वाटलं. म्हणे इतकं कुणी घोरत नाही. मी सांगितलं, माफ करा, पुढच्या खेपेला दुरुस्त करतो!"